दिघोरीतले दहा वॉट

नागपूरच्या माणसासमोर दिघोरीचं नाव काढलं की त्याला उमरेड रोडवरचा दिघोरी नाका आठवतो. ही ती दिघोरी नव्हे. ही भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली; सरकारी कागदावर तिच्यापुढे ‘मोठी’ असं लिहितात. सगळा धानाचा मुलूख. चुलबंद नदी याच तालुक्यातून वैनगंगेकडे जाते. लाखांदूर ओलांडून पुढे गेलं की वडसा लागतं, म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. दिवाळी झाली आणि हलका धान कापून झाला की या भागात मंडईचे दिवस सुरू होतात. प्रत्येक गावाची तारीख वेगळी. दिवसा दंडार, खडी गंमत, पाळणे, मिठाईची दुकानं; रात्री नाटक. आणि या सगळ्याच्या वर, बांबूला नाहीतर कडुलिंबाच्या फांदीला बांधलेला भोंगा.

या भागातला आवाज हा असा उघड्यावरचा. झाडीपट्टीचं नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं आणि बघायला पंचक्रोशी लोटते. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना या रंगभूमीची आठवण झाली. इथल्या लोकांना ती कधी विसरायला झालीच नव्हती. अशा नाटकात माइक आणि भोंगा सांभाळणाऱ्याची परीक्षा एकच असते, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं की नाही. आवाज चांगला म्हणजे लांब पोचणारा, हा हिशेब मैदानात बरोबरच आहे. गडबड होते ती हाच हिशेब दहा बाय बाराच्या खोलीत आणला की.

दिघोरीतल्या मामेभावाच्या घरात गाणं ऐकायला काहीतरी हवं होतं. त्याच्याकडे मोबाइल होता आणि एक ब्लूटूथचा डबा, ज्यातून तबल्याचा बायाँ ‘टप्’ असा वाजायचा. बाजारातला बरा तयार संच पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो. म्हणून ठरलं की किट आणून अ‍ॅम्प्लिफायर घरीच जोडायचा आणि स्पीकरच्या पेट्यांसकट खर्च चार हजारांच्या आत ठेवायचा. गावाकडे या कामाला ‘असेंबल करणं’ म्हणतात. कॅसेटचा जमाना भरात असताना निमशहरी महाराष्ट्रात असेंबल केलेला डेक ही मोठी गोष्ट होती. लाकडी खोकं, समोर पत्र्याची चकचकीत पट्टी, नाचणारे लाल-हिरवे दिवे, आत टीबीए ८१० नाहीतर ४४४० ही आवाज वाढवणारी आयसी. कंपनीचा टू-इन-वन परवडत नसलेल्या घरांत लता मंगेशकर आणि प्रल्हाद शिंदे पोचले ते बऱ्याचदा अशाच खोक्यातून.

बाजाराच्या गावातल्या मेकॅनिककडे गेलो. काउंटरच्या काचेखाली हिरवे-निळे बोर्ड ओळीने मांडलेले, प्रत्येकावर चिकटपट्टी: १०० वॉट, २०० वॉट, एकावर तर ५००.

‘हा घेऊन जा भाऊ, दोनशे वॉटचा. ट्रॅक्टर हालते याच्यानं.’

तो बोर्ड ४४४० चा होता. एलए ४४४० ही चौदा पायांची आयसी जपानच्या सान्यो कंपनीने मोटारीतल्या टेपसाठी काढली. तिच्या माहितीपत्रकात सगळी मापं १३.२ व्होल्टवर दिलेली आहेत, कारण इंजिन चालू असताना बारा व्होल्टच्या बॅटरीवर निदान तेवढा दाब असतोच. म्हणूनच ही आयसी ट्रॅक्टरवर इतकी सुखाने नांदते. सान्योचा सेमीकंडक्टरचा धंदा २०११ मध्ये ऑन सेमीकंडक्टरकडे गेला आणि आज गल्ल्यावर मिळणाऱ्या बहुतेक ४४४० दुसऱ्याच कुणीतरी बनवलेल्या असतात, पण नाव टिकलं. आता तिची ताकद बघू. हिशेब शाळकरी पोराला जमेल असा आहे: व्होल्टेजचा वर्ग करायचा आणि स्पीकरच्या ओहमच्या आठपटीने भागायचं. १३.२ चा वर्ग १७४, चार ओहमची आठपट ३२, उत्तर साडेपाच वॉट. माहितीपत्रक एका बाजूचे सहा वॉट सांगतं, ते आवाज दहा टक्के फाटू दिल्यावरचे. दोन्ही बाजू मिळून एकच स्पीकर चालवला, ज्याला ब्रिज म्हणतात, तर १९. दोनशे कुठून आले? कुठूनच नाही. बारा व्होल्ट, दोन अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर फार तर २४ वॉट देतो. त्याला जोडलेल्या डब्यातून दोनशे वॉट सतत निघाले तर महाराष्ट्राचा विजेचा प्रश्न सुटलाच म्हणायचा.

हाच खोटेपणा शहरात जरा शिकलेल्या नावाने चालतो. संगणकाच्या स्पीकरच्या खोक्यावर ‘१००० वॉट पीएमपीओ’ छापलेलं अनेकांनी वाचलं असेल. पीएमपीओ मोजायची कुठलीही सर्वमान्य पद्धत नाही. ज्याला जो आकडा आवडेल तो त्याने छापावा.

मग एवढ्याशा आयसीवर ट्रॅक्टर हलतो कसा? कारण तिथे खरं काम भोंगा करतो. घरातल्या साध्या स्पीकरला एक वॉट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर साधारण ८८ डेसिबल आवाज मिळतो. भोंगा तेवढ्याच वॉटात १०५ ते ११० पर्यंत जातो. वीस डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीत शंभरपट. भोंग्याचा एक वॉट मिळवायला घरच्या स्पीकरला शंभर लागतात. त्याबदल्यात भोंगा खालचे सूर सोडून देतो. भाषणाला आणि नाटकाच्या संवादाला ते चालतं, तानपुऱ्याला चालत नाही.

आणि खोलीत लागतात तरी किती? आपण बोलतो ते साठ डेसिबलच्या आसपास. ८८ चा स्पीकर एका वॉटात शेजारच्याला खिडकी लावायला भाग पाडतो. गाण्यात मध्येच तबल्याची थाप किंवा तान उसळते, तिला सरासरीच्या दहापट ताकद क्षणभर लागते. म्हणजे दहा वॉट झाले. त्याच्यापुढे गंमत अशी की कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद दहापट करावी लागते. दहा वॉटांच्या जागी वीस केले तर तीन डेसिबल वाढतात. कुणी सांगितल्याशिवाय घरातल्यांना कळणारही नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची ताकद दोन-चार वॉटच असायची आणि त्यावर आकाशवाणी नागपूरच्या बातम्या अख्खं आवार ऐकायचं. नागपूर केंद्र १९४८ चं. मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झ हा त्याचा आकडा काट्याशिवाय बोटांनाच पाठ असणारी माणसं या भागात अजून भेटतात.

आम्ही दोनशेचा बोर्ड तिथेच ठेवला आणि टीडीए २०३० च्या दोन आयसींचा जोड-बोर्ड घेतला. या आयसीला पाच पाय असतात. तिची उपकरण-यादी इतकी छोटी आहे की पोस्टकार्डावर मावेल: मूठभर रेझिस्टर, काही कपॅसिटर, दोन डायोड. माहितीपत्रकाप्रमाणे उणे-अधिक १४ व्होल्टवर, चार ओहमच्या स्पीकरला १४ वॉट, विकृती अर्धा टक्का. शॉर्ट झाल्यास आणि फार तापल्यास स्वतःला सांभाळण्याची सोय आतच आहे. शिकणाऱ्याला यापेक्षा जास्त माफ करणारी आयसी मी तरी बघितलेली नाही.

पण तिला एक गोष्ट माफ होत नाही, आणि ती दिघोरीत नेमकी घडते. २०३० ची कमाल मर्यादा उणे-अधिक १८ व्होल्ट आहे. दुकानदार सवयीने बारा-झिरो-बाराचा ट्रान्सफॉर्मर देतो. कागदावर तो चालतो: बाराला १.४१४ ने गुणलं, डायोड आणि ट्रान्सफॉर्मरमधली घट मिळून दीड व्होल्ट वजा केले, साडेपंधरा उरले. रात्री गावातले पंप बंद झाले की मात्र घरातला दाब २३० चा २५० होतो. त्यात काहीही वाजत नसताना स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर दहा टक्के जास्तच देतो. पुन्हा गुणाकार केला तर एकोणीसच्या जवळ. म्हणजे आयसी जळते ती जोरात वाजवताना नव्हे, रात्री नुसती चालू ठेवल्यावर. ‘काल तर चांगली वाजत होती’ म्हणत मेकॅनिककडे येणाऱ्यांचं कोडं पुष्कळदा हेच असतं. उपाय दोन: २२ व्होल्ट सोसणारी २०३०-ए खात्रीच्या दुकानातून घ्यायची, नाहीतर नऊ-झिरो-नऊचा ट्रान्सफॉर्मर. खात्री म्हणालो कारण आयसीवरचं नाव पुसून दुसरं छापणं हा जुना उद्योग आहे. आम्ही नऊ-झिरो-नऊ, तीन अँपिअर घेतला. सव्वाअकरा व्होल्ट मिळतात, आयसीचे आतले दोन गेले, चार ओहमवर हिशेबाने दहा वॉट. लेखाच्या नावातले दहा ते हेच.

मेकॅनिकला या सगळ्यात जास्त रस वाटला तो कपॅसिटरच्या वादात. बोर्डावर हजार मायक्रोफॅरॅडचे दोन बसवून आले होते. डायोडमधून वीज सेकंदाला शंभर हेलकाव्यांनी येते; दोन हेलकाव्यांच्या मधली पोकळी कपॅसिटरने भरायची असते. कपॅसिटर म्हणजे शेतातली बोडी. पाऊस येईल तेव्हा भरून घ्यायचं आणि धानाला हवं तेव्हा सोडायचं. एक अँपिअर सतत ओढला तर हजारवाल्या बोडीची पातळी कागदावर दहा व्होल्टने खाली येते, म्हणजे बोडी कोरडीच. ४७०० चा टाकला तर दोन व्होल्टने. बायाँचा ‘टप्’ आणि ‘घूंऽ’ यांच्यातला बराचसा फरक इथे असतो. दोन कपॅसिटरना जेवढे पैसे लागले तेवढ्यात बोर्डावर दिव्यांची नाचणारी पट्टी आली असती. बहुतेक गिऱ्हाइकं पट्टीच घेतात, असं तो म्हणाला.

जोडणीची हकिगत फार सांगत नाही. ज्याने हातात सोल्डरिंग आयर्न धरलंय त्याला माहीत आहे आणि ज्याने धरलेलं नाही त्याने ती वाचून शिकू नये. दोन-तीन गोष्टी मात्र सांगाव्या लागतील. २०३० च्या पाठीचा धातू आतून तिसऱ्या पायाला, म्हणजे उणे पुरवठ्याला जोडलेला असतो. दोन्ही आयसी एका हीटसिंकवर कसून ते हीटसिंक उघड्या पत्र्याच्या डब्याला लावलं तर सगळा उणे पुरवठा डब्यावर येतो. मधे मायका आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश हवाच. पहिल्यांदा वीज देताना सिरीज लावायची. मेकॅनिकच्या टेबलावर लटकणारा तो शंभर वॉटचा जुना बल्ब त्याचसाठी असतो: भपकन लागला की कुठेतरी शॉर्ट, मिणमिणून विझला की बरं चाललंय. आणि स्पीकर जोडण्याआधी मीटर डीसीवर ठेवून तारांवर बघायचं. काही मिलिव्होल्ट चालतात. काही व्होल्ट दिसले तर स्पीकरची कॉइल तुमची शेकोटी होणार.

बोर्डावर २२ हजार ओहमचा एक आणि ६८० चा एक असे दोन रेझिस्टर शेजारी-शेजारी असतात. त्यांच्यामुळे आयसी आत आलेला आवाज सुमारे ३३ पट करते, कमी नाही, जास्त नाही. बाहेर गेलेल्या आवाजाचा थोडा हिस्सा परत आत आणून उलटा मिळवायचा, म्हणजे चूक आपोआप वजा होते, ही ती युक्ती. ती हॅरोल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनिअरला १९२७ च्या ऑगस्टमध्ये सुचली. कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत त्याने ती हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर आखली. हाताशी आलेली ताकद मुद्दाम वाया घालवायची ही कल्पना लोकांना इतकी उलटी वाटली की पेटंट पदरात पडायला १९३७ उजाडलं. आज ती युक्ती चाळीस रुपयांच्या आयसीशेजारी दोन पैशांच्या दोन रेझिस्टरमध्ये बसलेली आहे.

त्या ३३ मधून एक फायदा निघतो. सहा-साडेसहा व्होल्टला ३३ ने भागलं तर ०.२ येतं, आणि मोबाइलचा जॅक तेवढा सहज देतो. म्हणजे दुकानदार जो ४५५८ चा बास-ट्रेबल बोर्ड आग्रहाने गळ्यात मारतो त्याची गरजच उरत नाही. तो काढला की खर्च कमी, खरखर कमी. व्हॉल्यूमचा पॉट मात्र ‘लॉग’ मागून घ्यावा. साधा घेतला तर पहिल्या पाव फेऱ्यातच सगळा आवाज येऊन बसतो आणि पुढे नुसतं बटण फिरत राहतं.

स्पीकर सहा इंची, चार ओहमचे. आधी टेबलावर उघडेच वाजवले तेव्हा भावाचा चेहरा पडला.

‘एवढुसाच आवाज येते का गा?’

उघड्या स्पीकरचा पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातात, आणि खालचे सूर सगळ्यात जास्त खाल्ले जातात. पुठ्ठ्याला गोल भोक पाडून त्यावर स्पीकर दाबून धरला, तेवढ्याने बायाँ जागा झाला. या एका प्रयोगानंतर घरात कुणाला पटवावं लागलं नाही की पैसे पेटीत घालायचे. या भागात गरिबाची पेटी म्हणजे माठ. माठाच्या तोंडावर स्पीकर उपडा ठेवतात. मला तो प्रकार मनापासून आवडतो, पण माठ एकाच सुरावर घुमतो. कुठलंही गाणं लावा, बास तोच. डीजेच्या गाण्याला तेवढं पुरतं. आम्ही बाजूच्या गावातल्या सुताराकडून अठरा मिलिमीटर प्लायची बंद पेटी करून घेतली, आत जुन्या गादीतला कापूस.

ऐकायला बसलो तेव्हा पहिली तक्रार हमिंगची. तिची कथा थोडी लांबवतो, कारण गाणाऱ्याला तिच्यात मजा वाटेल. आपली वीज ५० हर्ट्झची. डायोडमधून गेल्यावर तिचा १०० हर्ट्झचा घूं होतो. आता पुरुषांची नेहमीची पट्टी, काळी एक घ्या. षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची, म्हणजे त्याच्या पाऊणपट, १०४ हर्ट्झ. अ‍ॅम्प्लिफायरचा घूं १०० वर. दोघं जवळजवळ एका जागी आणि तरी वेगळे. सेकंदाला चार झोल. वीज मंडळाचा पंचम उतरलेला आहे, एवढंच त्याचं वर्णन. सिनेमाच्या गाण्यात हे ऐकूही येत नाही, पण ख्यालाची सुरुवात ऐकताना कुणीतरी बेसूर माणूस मागे येऊन बसल्यासारखं होतं. कारण साधं निघालं. इनपुटची, स्पीकरची आणि कपॅसिटरची ग्राउंड तार एकमेकींतून साखळीने गेली होती. सगळ्या एकाच ठिकाणी, दोन कपॅसिटरच्या मधल्या टोकावर आणून जोडल्या आणि ट्रान्सफॉर्मर बोर्डापासून वीतभर लांब सरकवला. घूं गेला.

घराचाही आवाजात वाटा असतो. मामाचं जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. पुढे नवीन स्लॅबची खोली काढली आहे. संच आधी अर्थातच नव्या खोलीत मांडला, कारण तिथे टाइल्स आहेत. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींत दहा फूट अंतर असलं की ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो आणि वरचे सूर टाइल्सवर खणखणतात. मग संच जुन्या घरात नेला. एका भिंतीला धानाची पोती छतापर्यंत रचलेली. शहरात लोक आवाज शोषणारे फोमचे चौकोन विकत आणून भिंतीला चिकटवतात. पोत्यांनी ते काम जास्त चांगलं केलं. वसंतराव देशपांडे लावले. विदर्भाचाच माणूस, त्यांच्या तानेत शब्द चिरडले जातात असं मला डब्यावर ऐकताना वाटायचं. इथे प्रत्येक अक्षर सुटं होतं. मामी कांदे चिरता चिरता म्हणाली, याच्यात ओरडत नाही हो माणूस.

आता स्वस्तातला आणखी एक रस्ता आहे, आणि तो लपवणं बरं नाही. क्लास-डीच्या नव्या आयसी, म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११० किंवा ३११६, आवाज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून ताकद वाढवतात. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरला जाते, हीटसिंक नखाएवढं पुरतं, आणि जुन्या लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरवर सगळं चालतं. २३० व्होल्टला हात लावावा लागत नाही, ही नवख्यासाठी मोठी गोष्ट. पैशाला पैसा लावून बघितलं तर २०३० हरते. शेजारी मध्यम लहरींचा रेडिओ लावला की मात्र क्लास-डीची किरकिर त्यात शिरते. दुसरं म्हणजे तो बोर्ड जळला तर फेकून द्यावा लागतो. २०३० चे पाच पाय कुठल्याही गावातला मेकॅनिक सुटे करतो आणि नवीन बसवतो. दिघोरीसारख्या ठिकाणी मी अजून २०३० लाच मत देईन.

परत निघताना संच दाखवायला मेकॅनिककडे थांबलो. त्याने अर्धं गाणं ऐकलं, झाकण उघडून ४७०० च्या कपॅसिटरना बोटाने ठोकून बघितलं, आणि वॉटचा हिशेब एका बिलाच्या मागे माझ्याकडून लिहून घेतला. तेवढ्यात मंडईसाठी नवीन डबा घ्यायला एक पोरगा आला. किती वॉटचा, त्याने विचारलं. मेकॅनिक माझ्याकडे बघून म्हणाला, दहा. पोरगा हसला आणि समोरच्या दुकानात गेला.

महिन्याभराने मेकॅनिकला फोनवर विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर आता तो सगळ्यांतच मोठे घालतो, त्याने परत येणारे डबे कमी झालेत. स्टिकर दोनशेचाच लावतो.